खरवड

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. एक शीत चिमटीत दाबलं की अख्खं मडकं कळतं. भातापुरतं हे खरं आहे. पण घराची परीक्षा करायची तर शीत कामाचं नाही. मडक्याच्या बुडाशी काय राहतं आणि ते कोणाच्या ताटात जातं, हे बघावं लागतं. बुडाला धरलेला, कडक झालेला, थोड्या करपट वासाचा तो भात म्हणजे खरवड.

मी राजापूर तालुक्यातला, भातशेती करणारा माणूस. दहावीपर्यंत शिकलो आणि मग नांगर धरला. मोठ्या ग्रंथांतला धर्म-अधर्म मला सांगता येणार नाही. पण साठी ओलांडल्यावर एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. घरात अन्न थोडं आणि माणसं जास्त, अशा वेळी कोणी किती खावं? आणि ते ठरवायचं कोणी? प्रश्न दिसायला स्वयंपाकघरातला आहे, पण न्याय-अन्याय म्हणतात त्याची सुरुवात तिथूनच होते असं मला वाटतं. कोर्ट-कचेरी माणसाला क्वचित दिसते, चूल रोज दिसते.

आधी भाताबद्दल बोलतो, कारण थोड्यात पुष्कळांना जेवू घालण्याची विद्या भाताइतकी दुसऱ्या कशात नाही. घाटावर पूर्वी भात सणावाराचा आणि भाकरी रोजची. आमच्याकडे भात रोजचा, पण तोसुद्धा पुरवून खायचा. सकाळी पेज. शेरभर उकडे तांदूळ आणि आठ-नऊ शेर पाणी. चुलीच्या वैलावर मडकं ठेवून द्यायचं, ते रटरटत राहतं. शीत फुलून मऊ झालं की मीठ घालायचं. सोबत भाजलेला सुका बांगडा, नाहीतर लोणच्याची फोड. वाडगाभर पेज पिऊन माणूस शेतावर गेला की दुपारपर्यंत निघतं.

उकडा तांदूळ म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. भात भिजत घालायचं, मोठ्या हंड्यात दाण्याचं तोंड उकलेपर्यंत उकडायचं, वाळवायचं आणि मग कांडायचं. उकडताना कोंड्यातलं सत्त्व दाण्यात उतरतं, म्हणून कांडल्यावरही उकडा तांदूळ सुरय तांदळापेक्षा ताकदीचा राहतो. आमच्या आज्ज्या-पणज्यांना जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता, पण पेज कोणत्या तांदळाची करायची ते ठाऊक होतं.

दुपारी आणि रात्री पिठी-भात. भात कापून झाला की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर कुळीथ होतो. त्याला वेगळं पाणी लागत नाही. तो भाजायचा, भरडून साल पाखडायची आणि दळायचा. पिठी करायला लागतं तरी किती? तेलात लसूण, मिरची, असला तर कांदा. त्यावर तांब्याभर पाणी, चार आमसुलं, मीठ. दीड मूठ पीठ पाण्यात कालवून ओतायचं आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. उकळी आली की दाट होते. पाच माणसांचं जेवण झालं. तांदळात जे कमी असतं ते कडधान्यात असतं आणि कडधान्यातलं कमी तांदूळ भरून काढतो, म्हणून नुसत्या भातापेक्षा पिठी-भात अंगी लागतो. सगळं दुकानातून विकत आणलं, अर्धा किलो तांदूळ धरला, तरी थोड्या पैशांत पाच माणसं पोटभर जेवतात. उरलेला भात सकाळी फोडणीला. कांडताना पडलेल्या कण्या पेजेला नाहीतर घावन्यांना. कोंडा गुरांना आणि कोंबड्यांना. वाया काही जात नाही.

याला आपण काटकसर म्हणतो आणि तिचं कौतुक करतो. मीही करतो. पण काटकसर म्हटली की कुठंतरी काटलेलं असतं, आणि ते कोणाच्या वाट्यातलं काटलं याची चौकशी सहसा होत नाही. पेज स्वस्त, कारण उकडा तांदूळ शिजायला जो वेळ लागतो तेवढा लाकूडफाटा डोक्यावरून आणणाऱ्या बाईला कोणी मजुरी दिलेली नसते. गिरणी येण्याआधी तांदूळ स्वस्त, कारण पहाटे उठून मुसळ चालवणारा हात घरचाच. आणि मडकं सगळ्यांना पुरतं, कारण शेवटी जेवणारीला ते पुरलं का, हे कोणी विचारत नाही.

आमच्या घरात हे उघड्यावर आलं ते 1982 साली. त्या वर्षी 18 जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यात आमच्या कोकणातले घरटी एक म्हणावे इतके. माझे धाकटे काका लालबागच्या बाजूला एका गाळ्यात दहा-बारा गाववाल्यांबरोबर राहायचे. काकी आणि मुलं गावी, आमच्यातच. काका शिमग्याला आले ते परत गेलेच नाहीत. घरात अकरा माणसं होती, काका बारावे. तोंड एकच वाढलं, पण दर महिन्याची मनीऑर्डर थांबली. घरचं भात चैत्रापर्यंत पुरायचं, पुढे तांदूळ विकत घ्यायचा तो याच मनीऑर्डरीवर. त्या पावसाळ्यात विकत घ्यायला पैसा नव्हता.

मडकं तेच राहिलं, तांदूळ कमी झाला, पाणी वाढलं. वाढण्याचा क्रम मात्र बदलला नाही. पहिल्या पंगतीला बाबा, काका आणि मी. मी बावीस वर्षांचा, नांगराला जाणारा. त्याच वेळी पोरांची ताटं. मग आजी. शेवटी आई आणि काकी. पिठीत पाणी वाढवत नेलेलं, त्यामुळे लसूण वरच्या पंगतीत आणि पाणी खालच्या पंगतीत, असा प्रकार. खाली खरवड.

या क्रमाच्या बाजूनं बोलण्यासारखं काहीच नाही असं नाही. जो जास्त कष्ट करतो त्याला जास्त अन्न लागतं. नांगरामागे चालणाऱ्याला पातळ पेजेवर ठेवलं तर शेत पडीक राहील आणि सगळेच उपाशी मरतील. सर्वांना सारखं वाढणं हा न्याय नव्हे. तीन वर्षांच्या पोराला आणि नांगऱ्याला एकच माप कसं चालेल? हे मला मान्य आहे. मग गरजेप्रमाणे वाढा.

पण आमचा क्रम गरजेचा होता का, ते तपासून बघू. लावणीच्या दिवसांत आम्ही पहाटे जोत धरायचो, चिखलणी करायचो आणि दुपार कलली की बैल सोडायचो. बैलाला त्यापुढे राबवायचं नाही, हे सगळ्यांना कळत होतं. बायका सकाळपासून तरवा काढायच्या आणि मग संध्याकाळपर्यंत इरलं पाठीवर घेऊन, वाकून, चिखलात लावणी. घरी येऊन चूल. धाकटं पोर काकीच्या अंगावर पीत होतं, म्हणजे ती दोघांचं खाणं एका ताटात खात होती आणि तेही शेवटी. उलट काका त्या दिवसांत ओसरीवर बसलेले असायचे. आळशी माणूस नव्हे तो. पण अंगाला शेतीची सवय राहिली नव्हती आणि घरात नांगर दोनच. त्यांना मात्र पहिल्या पंगतीचं ताट. कष्ट धरा, गरज धरा, कशानंही हा हिशेब जुळत नाही. पुरुष आहे म्हणून आधी, एवढंच कारण उरतं. कष्टाची गोष्ट आम्ही त्या कारणावर पांघरूण म्हणून घालत होतो.

हे आमच्या घरात पहिल्यांदा कोणाला सोसवेनासं झालं असेल तर काकांनाच. ते मान खाली घालून जेवायचे, दुसऱ्यांदा भात घ्यायचे नाहीत. एका रात्री पानं मांडली तेव्हा ते उठलेच नाहीत.

"वहिनी, मी मागाहून जेवतो," म्हणाले.

आजी चिडली. "पुरुष माणूस बायकांच्या पंगतीला बसतो काय? लोक काय म्हणतील?"

काका काही बोलले नाहीत. आमचं झाल्यावर ते चुलीपुढं आई-काकीबरोबर बसले. मडक्यात काय होतं ते त्यांनी बघितलं. पिठीचं टोप वाकडं करून पळीनं गोळा करावं लागत होतं. काकांनी खरवड स्वतः काढली, तिचे तीन भाग केले आणि लहान भाग आपल्या ताटात घेतला. कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर त्यांनी त्यांच्या खाणावळीची गोष्ट सांगितली. गिरणगावात हजारो कामगार खाणावळीत जेवायचे. खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतली एखादी बाई, बहुधा नवरा गिरणीत किंवा तोही नसलेली, आपल्या खोलीत पंधरा-वीस जणांचं रांधायची आणि महिन्याच्या बोलीवर पैसे घ्यायची. काकांच्या बाईची एक रीत होती. भात उतरला की ती आधी आपलं आणि आपल्या पोरांचं काढून झाकून ठेवायची, मग गाळेकऱ्यांना वाढायची. नवीन आलेल्या एका पोरानं एकदा टोमणा मारला, की मावशी, आधी आपलीच सोय करून ठेवता वाटतं. ती म्हणाली, "मीच उपाशी राहिले तर उद्या तुम्हाला रांधून कोण घालील?"

या खाणावळवाल्या बाया किराणा उधारीवर आणायच्या आणि व्याजात बुडायच्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकांची कर्जं मिळवून दिली. ही माहिती मी खूप नंतर वाचली. वाचल्यावर वाटलं, बँकेनं ज्या कामावर कर्ज दिलं, ते काम आमच्या घरात आई आयुष्यभर करत होती. तोच भात, तीच पिठी, तसेच हात. मुंबईत त्याला महिन्याची बोली होती. गावात त्याला नाव होतं माया.

काकांची गोष्ट आईनं आतून ऐकली होती. तिचं उत्तर मी अजून विसरलो नाही. ती म्हणाली, "ती पैसं घेते, म्हणून तिला हिशेब. घरात हिशेब सुरू झाला की घराचीच खाणावळ होते."

या बोलण्याला सहज उत्तर नाही, आणि मी ते हसण्यावारी नेणार नाही. आई म्हणत होती त्यात दम आहे. शेवटच्या एस्टीनं कोणी अवचित यायचा. आई काही न विचारता पिठीत दोन पेले पाणी घालायची आणि एक ताट वाढवायची. हिशेब करणाऱ्या घरात असं होत नाही. आजाऱ्याला मऊ भात वेगळा, व्यालेल्या म्हशीला पेज, दारी आलेल्याला मूठभर तांदूळ, हे सगळं तराजूवर मोजून होत नाही. ज्याचं त्याचं मोजून देणं हे रेशन दुकानाचं काम. आपला घास दुसऱ्याला देण्यात सुख असतं, आणि ते सुख आईकडून काढून घेणं हाही अन्यायच झाला असता. वाढताना तिच्या तोंडावर जे समाधान असायचं ते खोटं नव्हतं.

मग अडचण कुठं आहे? मी पुष्कळ विचार केला, तेव्हा मला एक कसोटी सापडली. देणं हे देणं कधी म्हणावं? जेव्हा ते आपल्याजवळ ठेवून घ्यायची मुभा होती आणि तरी दिलं, तेव्हा. माझ्या खिशात दहा रुपये आहेत आणि मी ते दिले, तर ते दान. तलाठी येऊन घेऊन गेला तर तो शेतसारा. रक्कम तीच, पण एकाला पुण्य म्हणतात आणि दुसऱ्याला वसुली. आता बघा. आमच्या आईनं एखाद्या रात्री म्हटलं असतं, की आज मला भूक लागलीये, आज मी आधी जेवते, तर काय झालं असतं? आजीनं डोळे वटारले असते. शेजारी बोलले असते. बाबा कदाचित काही बोलले नसते, पण चकित झाले असते. म्हणजे तिला ठेवून घ्यायची मुभा नव्हती. मग ती देत होती ते दान किती आणि सारा किती?

खरवडीचंच बघा. पोरांना खरवड आवडते. मडकं रिकामं झालं की तिच्यावर मीठ आणि तेलाचे दोन थेंब टाकून पोरं भांडून खातात. पोरं खातात ती आवडीची. आई खायची ती उरलेली. मडकं एक, भात एक. फरक एवढाच की पोराला दुसरं काही मिळत असतं.

आता कायद्यानं काय केलं तेही सांगतो. 2013 साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला घरटी 35 किलो. तांदूळ 3 रुपये किलोनं मिळायचा, 1 जानेवारी 2023 पासून तो फुकट झाला. या कायद्यात एक गोष्ट फार चांगली आहे. घरात अठरा वर्षांवरची जी थोरली बाई असेल, तिला रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख धरायचं, असं त्यात लिहिलंय. आणि माणशी म्हणजे माणशी. पुरुषाला सहा आणि बाईला चार असं नाही. सरकारी तराजूवर आमच्या घरातली आजी, सून, पोरगी सगळे पाच किलोचे धनी. पण ते धान्य दुकानातून घरी येतं, डब्यात एकत्र होतं, मडक्यात शिजतं, आणि पुढं ताटापर्यंत जे होतं ते कुठल्या कायद्यात बसत नाही. तिथं घरच्यांनीच बघायचं.

आमच्या घरात ते पुढं कसं गेलं ते सांगतो. आई 2009 साली गेली. माझी बायको तिच्याच हाताखाली तयार झालेली, तिनं तीच रीत उचलली. घरात आता धान्याची चणचण नाही. तरी ती मागाहूनच जेवायची. भात भरपूर असायचा, पण माशाची तुकडी, अंडं, भाजीतलं बरंसं काही पुढच्या पंगतीतच संपायचं. दोन-तीन वर्षांपूर्वी आशाताई गावात रक्ततपासणीसाठी घेऊन गेल्या, तेव्हा हिच्या अंगात रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. मी म्हटलं, "आता तू आमच्याबरोबर बसत जा." ती म्हणाली, "तुमचा होऊ द्या आधी, माझा काय एवढा." मी चार वेळा म्हटलं, चारही वेळा हेच उत्तर. मला वाटलं, हिची खुशी आहे, जबरदस्ती कशी करायची?

उत्तर सुनेनं दिलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवायला जाते. शंभराच्या वर पोरांची खिचडी रोज तिच्या हातून होते, त्यामुळे माप तिच्या हातात आहे. एका रात्री ती सासूला म्हणाली, "आई, तुम्ही मागाहून जेवता म्हणून मलाही मागाहून जेवायला लागतं. सासू थांबलीये आणि सून जेवली, असं कसं दिसेल? आणि उद्या आपली छकुलीपण तेच शिकेल."

हिच्या हातातली पळी तशीच राहिली. माझ्या कसोटीत जे आलं नव्हतं ते त्या पोरीनं दोन वाक्यांत सांगितलं. एका बाईनं खुशीनं सोडलेला घास तिच्यापुरता राहत नाही. पुढच्या बाईसाठी तो नियम होतो. आजीनं सोडला म्हणून आईनं सोडला, आईनं सोडला म्हणून हिनं. पहिलीची माया असेल, पण तिसरीपर्यंत येता येता ते देणं राहिलं नाही, देणेकरीपण झालं. तेव्हा माझा घास आहे, मी देईन नाहीतर खाईन, एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. आपल्यामागं कोण उभं आहे, तिला आपण काय बांधून ठेवतोय, हेही बघावं लागतं.

त्या दिवसापासून सुनेनं शाळेतली रीत घरात आणली. सगळी ताटं आधी ओळीनं मांडायची. भात, पिठी, मासे, जे असेल ते सगळ्या ताटांत वाढून घ्यायचं, रांधणारीचं ताट धरून. मग सगळ्यांनी बसायचं. मागाहून ज्याला आपल्या ताटातलं कोणाला द्यायचंय त्यानं खुशाल द्यावं. माझी बायको अजून आपली तुकडी नातवाच्या ताटात टाकते. मी काही म्हणत नाही. आधी ती तिच्या ताटात होती, मग तिनं ती दिली. आईनं मानली असती अशीच ही माया आहे, आणि हिशेबही तिच्यात बसतो. अवचित पाहुणा आला तर पिठीत पाणी अजून घालतो, पण पाणी सगळ्यांच्या पिठीत पडतं.

थोड्या पैशात घर कसं जेवू घालावं, हे ज्याला त्याला आपल्या भागाप्रमाणे ठाऊक असतं. आमच्याकडे पेज आणि पिठी, तुमच्याकडे आणखी काही असेल. तांदळात पाणी किती घालायचं ते मी वर सांगितलंच. त्याला एकच जोड देतो. मडक्यात तांदूळ घालताना माणसं मोजतो, तेव्हा रांधणारीपासून मोजायला सुरुवात करावी. ती पहिली मोजली की बाकीची विसरली जात नाहीत. खरवड राहिली तर पोरांना द्यावी, ती भांडून खातील.